एचआयव्हीसोबत जगताना पुन्हा पुन्हा होणारे लैंगिक संसर्ग: रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही आठ वर्षांपासून एचआयव्हीसोबत जगताय. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, नियमित आहे आणि गेली काही वर्षं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, 'डिटेक्ट होत नाही' असाच येतोय. नवरा निगेटिव्ह आहे, त्याला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. गेल्या वर्षभरात तीनदा अंगावरून पांढरं गेलं, वास आणि खाज होती. दर वेळी गोळ्या मिळाल्या, बरं वाटलं, आणि दोन-अडीच महिन्यांत पुन्हा तेच. त्यात आता सिफिलिस या लैंगिक संसर्गाच्या रक्ततपासणीत व्हीडीआरएल १:४ आणि टीपीएचए पॉझिटिव्ह आलं. नवऱ्याची तीच तपासणी निगेटिव्ह. तो म्हणतो, "माझं तर नॉर्मल आहे, मग तुझ्यात आलं कुठून?" आणि तुम्हाला त्याच्यावर संशय येतोय, तो झोपल्यावर तुम्ही त्याचा फोन बघताय. तुमचं विचारणं असं आहे: हे एचआयव्हीमुळे होतंय का, कुणीतरी फसवतंय का, यातून त्याला एचआयव्ही लागेल का, आणि असा संशय घेऊन संसार कसा करायचा.

झोप उडवणारा प्रश्न आधी घेते. तुमच्याकडून त्याला एचआयव्ही लागण्याची भीती बाजूला ठेवा. व्हायरल लोड सापडत नसेल आणि गोळ्या रोजच्या रोज जात असतील तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही जात नाही. युरोपात 'पार्टनर' नावाचा अभ्यास झाला. एक जोडीदार पॉझिटिव्ह, पण औषधांनी विषाणू दबलेला, आणि दुसरा निगेटिव्ह, अशी जोडपी त्यात होती. २०१६ साली त्याच्या पहिल्या भागाचे निष्कर्ष आले आणि २०१९ साली दुसऱ्या भागाचे. दुसऱ्या भागात पुरुष-पुरुष अशी ७८२ जोडपी होती, कंडोमशिवायचे संबंध सुमारे ७६ हजार वेळा नोंदले गेले, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून निगेटिव्ह जोडीदाराला एचआयव्ही गेल्याची एकही घटना सापडली नाही. तुमच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग पुढे आहे. या पुरुषांपैकी जवळपास पाव जणांना त्याच काळात दुसरा कुठला ना कुठला लैंगिक संसर्ग झाला होता, तरीही आकडा शून्यच राहिला. त्यामुळे पांढरं जातंय किंवा व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आलंय म्हणून एआरटीने दिलेलं संरक्षण संपत नाही. मध्ये गोळ्या चुकल्या असतील तर व्हायरल लोड पुन्हा करून घ्या आणि तो येईपर्यंत कंडोम वापरा. नवऱ्याला तरीही धाकधूक वाटत असेल तर त्याच्यासाठी प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आहेत. मात्र एआरटी फक्त एचआयव्हीला अडवते. बाकीच्या जंतूंना तिचं काही सोयरसुतक नाही.

आता तो व्हीडीआरएलचा कागद. घरात सगळ्यात जास्त आग त्यानेच लावली आहे आणि मला वाटतं, सगळ्यात जास्त चुकीचा तोच वाचला गेलाय.

तुमच्या लिहिण्यात एक ओळ ओझरती आली आहे: "एचआयव्ही कळलं तेव्हा कमरेत आठवड्याला एक अशी तीन दुखणारी इंजेक्शनं दिली होती, कशाची ते आठवत नाही." ती ओळ वाचून मी थांबले. आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं हा जुन्या सिफिलिसवरचा ठरलेला इलाज आहे. बेंझाथिन पेनिसिलीन, दर वेळी २४ लाख युनिट. एचआयव्हीचं निदान होतं तेव्हा सिफिलिसचीही तपासणी होते, आणि त्या दिवशी माणसाला एचआयव्ही हा एकच शब्द ऐकू येतो. बाकी काय सापडलं, कशासाठी सुई टोचली, यातलं काही डोक्यात राहत नाही. असे कितीतरी जण मी पाहिलेत.

सिफिलिसच्या दोन तपासण्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांमध्ये ती जन्मभर पॉझिटिव्ह राहते, इलाज पूर्ण झाला तरी. 'कधीतरी झाला होता' एवढंच ती सांगते, कधी ते सांगत नाही. व्हीडीआरएल किंवा आरपीआर आकड्यात येते: १:२, १:४, १:८, १:१६, १:३२. रक्त किती पट पातळ केल्यावरही प्रतिक्रिया दिसते, त्याचा तो आकडा. इलाज लागू पडला की तो उतरतो, आणि तो चौपट उतरला, म्हणजे दोन पायऱ्या खाली आला, तर इलाज लागला असं आम्ही धरतो. १:३२ वरून १:८ झाला की आम्ही निश्चिंत होतो. पण काही लोकांत तो पूर्ण शून्यावर येतच नाही. १:२ किंवा १:४ वर अडकून वर्षानुवर्षं तसाच राहतो. एचआयव्ही असणाऱ्यांत हे बरंच दिसतं. त्याचा अर्थ आजार चालू आहे असा नाही, आणि नव्याने कुणाकडून आला असा तर नाहीच.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिलं काम एकच आहे: आठ वर्षांपूर्वीची फाईल शोधा. घरी नसेल तर जिथे एचआयव्हीचं निदान झालं तिथली नोंद मागा. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघायचे. तेव्हा १:१६ होतं, तीन इंजेक्शनं झाली आणि आज १:४ आहे, तर आजचा रिपोर्ट हा जुन्या आजाराचा उरलेला माग आहे. तुमचं लग्न व्हायच्याही आधीचा. मग नवऱ्याची तपासणी निगेटिव्ह असणं अगदी बरोबर बसतं, कारण जुना सुप्त सिफिलिस संबंधातून सहसा पुढे जात नाही आणि तुमच्यावर तर इलाजही झालेला होता. तुलना करताना एक पथ्य पाळा. व्हीडीआरएलची व्हीडीआरएलशीच करा, आरपीआरशी नको, आणि जमलं तर एकाच लॅबची. १:४ चं १:८ झालं तर घाबरायचं कारण नाही, एका पायरीचा फरक तपासणीतच पडू शकतो. १:४ चं १:१६ झालं तर मात्र ते गंभीर: एकतर नव्याने संसर्ग, नाहीतर इलाज अपुरा.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. फाईलमध्ये मधल्या एखाद्या वर्षी व्हीडीआरएल 'नॉन रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणजे निगेटिव्ह असल्याची नोंद सापडली आणि आज १:४ आला, तर ही नवी लागण असू शकते. अगदी सुरुवातीला आकडा लहानच असतो. तेव्हा अंगावर पुरळ, तळहात-तळपायांवर डाग, तोंडात किंवा जननेंद्रियावर न दुखणारी जखम, जांघेत गाठी, हे सगळं डॉक्टरांना नीट बघू द्या. नवऱ्याची निगेटिव्ह तपासणीही तेव्हा अंतिम मानू नका. लागण झाल्यापासून रक्तात दिसेपर्यंत वेळ जातो, त्यामुळे संपर्काला तीन महिने होऊन गेल्यावर ती पुन्हा करतात. नवा सिफिलिस पक्का झाला तर गेल्या ९० दिवसांतल्या जोडीदाराला तपासणी निगेटिव्ह असली तरी इलाज देतात. जुना कागद मिळालाच नाही तर डॉक्टर बहुधा तीन इंजेक्शनं पुन्हा देतील. तो कमीपणा समजू नका. त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा आणि पुढे ६, १२, १८, २४ महिन्यांनी त्याच्याशी ताडून बघा.

पांढरं जाण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. तीनदा गोळ्या मिळाल्या, पण स्राव तपासला गेला का? तुम्ही लिहिलेल्यावरून नाही. लक्षणं ऐकून गोळ्या द्यायची पद्धत आहे, आणि जिथे तपासणीची सोय नाही तिथे ती उपयोगीही पडते. पण एकच तक्रार वर्षात तिसऱ्यांदा आली की अंदाजाने गोळ्या देणं थांबलं पाहिजे. स्रावाची तपासणी मागून घ्या.

कारण यामागे मुख्यतः तीन वेगळी कारणं असतात आणि नात्याच्या दृष्टीने तिन्हींचा अर्थ वेगळा. दह्यासारखं घट्ट पांढरं आणि खूप खाज असेल तर ती बुरशी, म्हणजे कॅन्डिडा. ती आपल्याच शरीरात असते आणि संधी मिळाली की वाढते. ती कुणी आणत नाही. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, कमी असतील, रक्तात साखर जास्त असेल, किंवा वरचेवर अँटिबायोटिक घेतली असतील तर ती पुन्हा पुन्हा येते. तुमचा एचआयव्ही आटोक्यात आहे. सीडी४ चा आकडा चांगला असेल तर सगळं खापर एचआयव्हीवर फोडू नका, आधी साखर तपासा. दुसरं कारण जिवाणूंचा तोल बिघडण्याचं, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. पातळ राखाडी स्राव, माशासारखा वास, तोही संबंधानंतर जास्त. योनीमार्गातले चांगले लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि बाकीचे माजतात. वास जावा म्हणून बायका अँटिसेप्टिक घालून आतून धुतात, त्याने उरलेसुरले चांगले जिवाणूही मरतात. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत काहीही घालू नका. याबाबत एक नवी गोष्ट कळली आहे. वर्षानुवर्षं आम्ही सांगत आलो की यात नवऱ्याला औषध लागत नाही. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात जोडीदारालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं मलम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. म्हणजे हा तोल दोघांमध्ये फिरतो. एकमेकांशी पूर्ण निष्ठ असलेल्या जोडप्यातही तो फिरतो, हे नीट लक्षात घ्या.

तिसरं कारण ट्रायकोमोनास, आणि मला सगळ्यात जास्त शंका याचीच येते. हा मात्र संबंधातूनच येतो. हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, आग, खाज. पुरुषाला बहुतेक वेळा काहीही जाणवत नाही, म्हणून तो म्हणतो मला कशाला गोळ्या. बाईलाही तो कित्येक महिने काही लक्षण न दाखवता राहू शकतो. त्यामुळे तो आज सापडला म्हणजे गेल्या महिन्यात कुणी कुठे गेलं होतं, असा हिशोब मांडता येत नाही. तो लग्नाआधीचाही असू शकतो, कुणाच्याही बाजूचा. तुमच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत तुमच्याकडे, असा तो दोघांत येरझाऱ्या घालतो. एकट्या बायकोने कितीही वेळा गोळ्या घेतल्या तरी दोन महिन्यांनी तक्रार परत हजर.

एक जोडपं माझ्याकडे असंच चौथ्यांदा आलं. बाईंनी पर्समधून मेट्रोनिडाझोलची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली, औषध घेतलंय हे मला पटावं म्हणून. एका कोर्सच्या चौदा गोळ्या, सकाळ-संध्याकाळ सात दिवस. विचारत गेले तेव्हा कळलं, त्यातल्या सात तिने घेतल्या होत्या आणि सात नवऱ्याला दिल्या होत्या. दोघांना इलाज हवा असं सांगितलं होतं, पण चिठ्ठी एकाच्याच नावाची होती. दोघांनी प्रामाणिकपणे औषध घेतलं होतं आणि दोघंही अर्धवट बरे झाले होते. ते एकमेकांवर मात्र वर्षभर चिडून होते. दोन नावांच्या दोन चिठ्ठ्या, दोन पूर्ण कोर्स, आणि दोघांचा कोर्स संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नाही. मग तो त्रास गेला.

तुमच्याही बाबतीत विचारा की दर वेळी नवऱ्याने काय घेतलं. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला ट्रायकोमोनाससाठी एकदम चार-पाच गोळ्यांचा डोस देण्यापेक्षा सात दिवसांचा कोर्स चांगला लागू पडतो, तेव्हा एका दिवसात उरकलं असेल तर तेही तपासून घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, बरं वाटत असलं तरी. या गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि मग लोक अ‍ॅसिडिटीचं औषध घेतात. तुमच्या एआरटीत डोल्युटेग्राव्हिर असेल तर इथे सांभाळा. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अँटासिड तिच्यासोबत घेतलं तर ती नीट शोषली जात नाही. एआरटीची गोळी आधी घ्यायची आणि अँटासिड त्यानंतर किमान दोन तासांनी. अँटासिड आधी घेतलं असेल तर सहा तास थांबायचं.

आणि पांढऱ्याबरोबर रक्ताचे डाग असतील किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर गोळ्यांच्या भरवशावर राहू नका, गर्भाशयाचं तोंड तपासून घ्या. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सहापट असतो. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची तपासणी वयाच्या २५ पासून, दर तीन ते पाच वर्षांनी, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तुमची झाली नसेल तर याच फेरीत करून घ्या.

आता 'कुणी फसवतंय का'. मला हे विचारायला माणसं रिपोर्ट पुढे सरकवतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतात. मी जे सांगते ते तुम्हालाही सांगते. रिपोर्टमध्ये जंतूचं नाव असतं. तो केव्हा आला याचा अंदाज काही वेळा बांधता येतो, पण दोघांपैकी कुणी आणला ते त्यात कधीच लिहिलेलं नसतं. तरी सगळे संसर्ग एकाच मापाने मोजू नयेत. गोनोरिया, जुनी माणसं ज्याला परमा म्हणतात, तो सापडला तर मी गोड बोलून विषय गुंडाळत नाही. पुरुषाला लघवीतून पू आणि जळजळ सहसा आठवड्याभरात सुरू होते, तेव्हा संपर्क अलीकडचा आहे असंच बहुधा समजावं लागतं. घशातला किंवा गुदद्वारातला गोनोरिया मात्र गुपचूप बसू शकतो. सिफिलिसची व्हीडीआरएल चौपट चढली, किंवा ताजी जखम दिसली, तरी संपर्क बहुधा अलीकडचाच. क्लॅमिडिया हा संबंधातूनच लागणारा जिवाणू मात्र वर्षभरही न बोलता राहतो, त्याच्यावरून तारीख काढू नये.

हर्पिसने तर विनाकारण सगळ्यात जास्त नाती मोडली आहेत. त्याचा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर दडून बसतो. पहिला फोड संपर्कानंतर कित्येक वर्षांनी येऊ शकतो, आणि त्यानंतरचे फोड त्याच जुन्या विषाणूचे असतात, नवा माणूस मध्ये यावा लागत नाही. ताण, आजारपण, सीडी४ खाली येणं, एवढं पुरतं. वरचेवर येत असेल तर रोज घ्यायच्या असायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी फोड येणं खूप कमी होतं. जखम महिनाभर भरलीच नाही तर मात्र एचआयव्हीचं औषध नीट चालतंय ना, ते लगेच बघायला हवं. एचपीव्हीचे मस तसेच, महिन्यांनी किंवा वर्षांनी उगवतात. कंडोम या दोघांना काही प्रमाणातच अडवतो, कारण ते झाकल्या न गेलेल्या कातडीतूनही लागतात.

तुमच्या प्रकरणात, तुम्ही लिहिलंय त्यावरून, कुणी कुणाला फसवल्याचा एकही पुरावा मला दिसत नाही. न फसवल्याचाही नाही, कारण तो कुठल्याच तपासणीत मिळत नसतो. नवऱ्याची निगेटिव्ह व्हीडीआरएल हे त्याच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र नाही आणि तुमची पॉझिटिव्ह टीपीएचए हा तुमच्यावरचा ठपका नाही.

नवऱ्याच्या 'तुझ्यात आलं कुठून' पेक्षा मला तुमचं पुढचं वाक्य जास्त लागलं: "त्याने मला या आजारासकट स्वीकारलं, मग मी त्याला कुठल्या तोंडाने विचारू?" एक निगेटिव्ह आणि एक पॉझिटिव्ह अशा जोडप्यात हे मी सतत बघते. पॉझिटिव्ह असलेल्याला वाटतं की स्वीकारलं गेल्याची परतफेड म्हणून आता प्रत्येक दोष आपल्याच पदरात घ्यायचा. प्रश्न विचारण्याचा, 'मला बरं वाटत नाही, आज नको' म्हणण्याचा, कंडोम मागण्याचा हक्क आपण लग्नाच्या दिवशीच सोडला. आणि निगेटिव्ह असलेल्याला, त्याच्याही नकळत, वाटू लागतं की घरात जे काही दुखणं येईल ते एकाच बाजूने येणार. दोघंही वाईट नसतात. पण असं चाललं की दुसऱ्याच्या शरीराची कधी तपासणीच होत नाही, जंतू तिथे सुखाने राहतो, आणि दोष परत त्याच बाईवर येतो. तुमच्या घरात वर्षभर नेमकं हेच झालं असावं. तुम्हाला एचआयव्ही आहे म्हणून नवऱ्याच्या तपासणीची गरज कमी होत नाही. त्याने तुम्हाला समजून घेऊन लग्न केलं, ही मोठी गोष्ट आहे. त्या बदल्यात तुम्ही गप्प राहावं, असा करार त्यात नव्हता.

बोलायचं कसं? कागद हातात धरून नको, भांडणाच्या शेवटी नको, आणि अंथरुणात तर नकोच. त्याला दोन गोष्टी एकत्र ऐकू येऊ देऊ नका, एक वैद्यकीय आणि दुसरी मनातली. आधी वैद्यकीय बोला: "डॉक्टर म्हणतात हा त्रास दोघांत फिरतो, कुणामुळे ते तपासणीत कळत नाही. माझ्या एकटीच्या गोळ्यांनी तो जाणार नाही. आपण दोघं दाखवून घेऊ आणि दोघं पूर्ण कोर्स घेऊ." यात आरोप नाही, त्यामुळे नाकारायलाही काही नाही. बहुतेक पुरुष एवढ्यावर येतात. न येणाऱ्यांना जोडीदाराने सांगण्यापेक्षा दवाखान्यातून निरोप गेलेला बरा पडतो.

मनातलं वेगळ्या दिवशी. एकदाच, सरळ, आणि उत्तर ऐकायची तयारी असेल तेव्हाच: "मला संशय येतोय आणि मी तुझा फोन बघत होते. हे मला आवडत नाही. आपल्या दोघांशिवाय कुणी आहे का?" फोन बघण्याबद्दल तुम्हाला रागावायचं नाही, भीतीपोटी माणूस बघतो. पण त्यातून उत्तर मिळत नाही. काही सापडलं नाही तरी 'पुसून टाकलं असेल' ही शंका उरते, आणि एखादं नाव सापडलं तर ते कोण याचा शोध सुरू होतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर निदान माणसाच्या तोंडून येतं आणि त्याच्यावर पुढे बोलता येतं.

तो 'हो' म्हणाला तर? त्या क्षणी संसाराचा निर्णय घेऊ नका. कधी, कंडोम होता का, अजून चालू आहे का, एवढंच इलाजासाठी लागतं. बाकीचे तपशील त्या दिवशी खोदून काढू नका, ते ऐकून तुम्हालाच त्रास होतो आणि त्याने इलाजात काही फरक पडत नाही. दोघांच्या तपासण्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्या, तोपर्यंत कंडोम. हे तीन महिने नात्यालाही मिळतात. काही जोडपी त्यातून सावरून पुढे गेलेली मी पाहिली आहेत, काही वेगळी होऊन जास्त शांत झालेली पाहिली आहेत. तो 'नाही' म्हणाला आणि जुना कागद सापडून सगळं जुळलं, तर तुमच्याबद्दल जे बोलला त्याची त्याने माफी मागावी, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. ती मनात ठेवू नका, बोलून दाखवा.

यातलं काहीही एकटीने करू नका, जर हात उगारला जाण्याची, घराबाहेर काढलं जाण्याची, किंवा तुमचं एचआयव्हीचं नातेवाइकांत जाहीर करण्याची धमकी असेल. तेव्हा आधी समुपदेशकाला भेटा आणि मग ठरवा. मी स्वतः जोडप्याला आधी एकेकटं भेटते आणि एकट्याने सांगितलेलं दुसऱ्यासमोर काढत नाही. तुम्ही जिथे जाल तिथे अशीच भेट मागा.

ज्या वाचकांचं नातं पुरुष-पुरुष आहे, किंवा दोघांच्या संमतीने बाहेरही संबंध आहेत, त्यांना थोडक्यात सांगते. तुमच्याकडे संसर्ग सापडणं म्हणजे वचन मोडणं नव्हे. ठरलेलं पाळलं का, हा प्रश्न वेगळा. तीन ते सहा महिन्यांनी घसा, गुदद्वार आणि लघवी, तिन्ही ठिकाणची तपासणी करा, नुसत्या लघवीवर भागत नाही. संबंधानंतर ७२ तासांच्या आत संसर्ग टाळायला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक २०० मिलिग्रॅम घेण्याची पद्धत २०२४ पासून अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शनात आली आहे. गेल्या वर्षभरात असा संसर्ग झालेले समलिंगी व उभयलिंगी पुरुष आणि ट्रान्स स्त्रियांसाठी ती आहे. तिने सिफिलिस आणि क्लॅमिडिया बरेच कमी होतात, गोनोरियावर भरवसा कमी. डॉक्टरांशी बोलूनच सुरू करा.

आता तुमचा क्रम. या आठवड्यात जुनी फाईल. डॉक्टरांकडे जाताना ती, आजचा रिपोर्ट, शेवटचा व्हायरल लोड आणि सीडी४, आणि वर्षभरात घेतलेल्या गोळ्यांची नावं, नावं माहीत नसतील तर रिकामी पाकिटं तरी. स्रावाची तपासणी, एचपीव्हीची तपासणी, रक्तातली साखर. पाळी चुकली असेल किंवा मूल हवं असेल तर हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण गरोदरपणात सिफिलिस बाळापर्यंत पोचतो आणि तेव्हा पेनिसिलीनला पर्याय नाही. नवरा सोबत आला तर उत्तम, नाहीतर त्याच्या नावाची वेगळी चिठ्ठी घेऊनच बाहेर पडा. मधल्या काळात अचानक धूसर दिसू लागलं, डोळा लाल होऊन दुखू लागला, ऐकू कमी आलं, किंवा ताप येऊन ओटीपोटात जोराने दुखू लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि एचआयव्ही व व्हीडीआरएल दोन्ही सांगा. सिफिलिस डोळ्यांत आणि कानांत उतरू शकतो, आणि तिथे उशीर झाला तर गेलेली नजर किंवा गेलेला कान नेहमीच परत येतो असं नाही.